रोल नंबर 87

जानेवारीच्या शेवटी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर डिफॉल्टरांची यादी लागली आणि तिच्यात मी होतो. परीक्षेला बसायचं तर 75 टक्के हजेरी लागते. माझी भरली होती 31. गंमत अशी की जूनपासून मी एकही तास बुडवला नव्हता. बुडवून जाणार कुठं? पुण्यात मला दुसरी जागाच नव्हती. यादीतली बाकीची पोरं निदान कुठं ना कुठं हजर होती. कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी कट्ट्यावर, कुणी अलका टॉकीजला. मी मात्र तिसऱ्या बाकावर बसून, वहीत सगळं उतरवून घेऊन गैरहजर होतो.

याचं कारण इतकं क्षुल्लक आहे की आजही सांगताना कानाच्या पाळ्या गरम होतात. मला ‘येस सर’ म्हणता येत नव्हतं.

एकशेवीस जणांचा वर्ग. सर तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत रजिस्टर उघडायचे आणि पळत्या गाडीतून मैलाचे दगड मोजावेत तसे आकडे म्हणत सुटायचे. सिक्स्टी-वन, येस सर, सिक्स्टी-टू, येस सर. माझा नंबर 87. साधारण साठीपासून माझी तयारी सुरू व्हायची. सत्तरीत घसा खाकरून घ्यायचा, पण हळू, शेजाऱ्याला कळता कामा नये. ऐंशीला श्वास भरून ठेवायचा. एटी-फाइव्ह, एटी-सिक्स. आणि एटी-सेव्हन आलं की तो भरून ठेवलेला श्वास नुसता श्वास म्हणूनच बाहेर पडायचा. त्यात आवाज नसायचा. सर क्षणभर थांबत, पेन टेकवत, एटी-एट म्हणत. आणि एटी-एट असा खणखणीत ‘येस सर’ द्यायची की माझा उशिरा निघालेला आवाज त्यात विरघळून जायचा.

तास संपल्यावर सरांच्या टेबलाशी जाऊन ‘सर, मी होतो’ म्हणायची सोय असायची. पाचसहा पोरं रोज तिथं गर्दी करायची. मीही जायचो. गर्दीच्या मागं उभा राहायचो आणि सर निघून गेले की परत यायचो.

हे 1998 सालचं. मी मंगळवेढ्याचा. दामाजीपंतांचं गाव, ज्वारीचं कोठार वगैरे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर. तेव्हा सोलापूरला विद्यापीठ नव्हतं, ते 2004 साली झालं. आमचा जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं होता. पंढरपूर, सोलापूर, सांगली, कुठंही बीएस्सी करता आलं असतं. पण बारावीला मार्क बरे पडले आणि अण्णांच्या मनानं घेतलं, पुण्यालाच. त्यांना पुणं किती माहीत होतं? स्वारगेट स्टँड, एवढंच. त्यांनी मला तिथवर आणून सोडलं, ट्रंक कॉटखाली सरकवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. दुसऱ्या दिवशी ड्युटी होती.

कॉट बेसिस हा शब्द पुण्याबाहेरच्या किती लोकांना कळेल कोण जाणे. खोली भाड्यानं मिळत नाही, कॉट मिळते. नारायण पेठेतल्या एका वाड्यात माडीवर चार कॉट होत्या, त्यांतली खिडकीपासून सर्वांत लांबची माझी. उरलेले तिघे एमपीएससीवाले, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. ते दिवसभर अभ्यासिकेत असत आणि रात्री तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्या पदांच्या जागा किती निघणार यावर बोलत. माझ्याशी त्यांचं वैर नव्हतं. फक्त मी तिथं आहे हे त्यांच्या ध्यानात राहत नसे. एकदा दिवा मालवून, बाहेरून कुलूप लावून ते चहाला गेले. मी आत होतो. हाक मारली असती तर जिन्यावरूनच परत फिरले असते.

पुणेरी पाट्यांना सगळे हसतात. मी त्या पाट्यांचा ऋणी आहे. ‘कुलकर्णी मागच्या जिन्याने’, ‘बेल एकदाच वाजवावी’, ‘सुटे पैसे मिळणार नाहीत’. अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याच्यासाठी असं शहर म्हणजे पर्वणीच. प्रश्न विचारायच्या आधी उत्तर भिंतीवर टांगलेलं. त्यात तुसडेपणा असेल, पण तो सगळ्यांना सारखा होता, मला एकट्याला नव्हता. जिथं पाटी नसायची तिथं मी चालत जायचो. कुठली पीएमटीची बस कुठं जाते हे विचारण्यापेक्षा लकडी पूल ओलांडून डेक्कन, तिथून पुढं, असं पायी जाणं सोपं. पहिल्या तीन महिन्यांत चपलेचे दोन अंगठे तुटले.

बोलायची भीती एका दिवसात बसली नव्हती, थोडी घरूनच आणली होती. आमच्या आजोबांना ती नापसंत. बाजारात बसलेल्या माणसाचं शहाणपण त्यांच्याकडं होतं: बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. पण गावात न बोलूनही भागायचं, कारण माझ्या वतीनं गाव बोलायचं. ‘हे कंडक्टरचं धाकटं, ह्याला पावशेर साखर बांध.’ दुकानात मी फक्त उभा राहायचो. पुण्यात मी कुणाचाच धाकटा नव्हतो. आणि वर भाषा. माझी मातृभाषा मराठी आहे असं मी अठरा वर्षं समजत होतो. नारायण पेठेत आल्यावर त्याविषयी शंका यायला लागली. पाणी म्हणताना ण नीट बाहेर पडेल ना, या धास्तीनं मी हॉटेलात पाणीच मागत नसे.

मेसची कथा त्याहून करुण. आमच्याकडं जेवताना ‘वाढू का?’ विचारलं की ‘नको’ म्हणायचं असतं. ही रीत आहे. ‘नको’चा अर्थ अजून दोनदा विचारा. मग वाढणारी म्हणते, घ्या की, एवढीच. आपण ताटावर आडवा हात धरतो. ती हाताच्या फटीतून भाकरी सरकवते. आपण ‘अहो, अहो’ करत ती खातो. सगळ्यांचा मान राहतो. मेसच्या काकूंना साठ ताटं वाढायची असत. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, ‘पोळी वाढू का?’ मी म्हणालो, ‘नको.’ त्या पुढच्या ताटाकडं गेल्या. मी ताटावर आडवा हात धरायच्या तयारीत तसाच बसून राहिलो.

दोन पोळ्यांवर मी ऑगस्ट काढला. आईनं पाठवलेली शेंगांची चटणी आणि कडक भाकरी होत्या म्हणून निभावलं. त्या एसटीनं यायच्या. अण्णांच्या ओळखीचा कुणी कंडक्टर स्वारगेटला उतरवून घेई आणि मी जाऊन घ्यायचो. तिथं बोलावं लागत नसे. गाडीशी उभं राहिलं की वरूनच विचारत, ‘कंडक्टरचं पोरगं का रं तू?’ आठवड्यातून एकदा मी पुन्हा कुणाचा तरी असायचो.

आणि खाडा. मेसमध्ये चार दिवस येणार नसाल तर आदल्या दिवशी काकूंना ‘खाडा आहे’ म्हणून सांगायचं, तेवढे पैसे वजा होतात. मी दिवाळीला बावीस दिवस गावी होतो. काकू भाजी निवडत बसल्या होत्या, मी दारात दोनदा जाऊन आलो, त्या कुणाशी तरी बोलत होत्या, माझी गाडी होती. बावीस दिवसांचं जेवण मी मंगळवेढ्यात बसून न जेवता विकत घेतलं.

मराठीत या प्रकाराला शब्द बरेच आहेत. लाजाळू, संकोची, भिडस्त, मुखदुर्बळ. मुखदुर्बळ हा शब्द मला आवडत असे, निदान त्यात बाकीचा माणूस धडधाकट आहे असं सूचित होतं. भिडस्त म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही. मला तर नाही सोडून काही म्हणताच येत नव्हतं. आपल्याला नेमका लागू पडणारा शब्द बुजरा, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. तो माणसाचा नाहीच, जनावराचा. घोडं बुजतं, बैल बुजतो. ट्रॅक्टरच्या आवाजाला, पहिल्यांदा पाहिलेल्या डांबरी रस्त्याला. आजोबा असा बैल मारत नसत. चुचकारत बसायलाही वेळ नसे. त्याला जुवाखाली एखाद्या मुरलेल्या बैलाच्या जोडीला देत आणि गाडी जुंपत. नवा बैल शिकायचा असं म्हणता येणार नाही. चालत राहायचा एवढंच.

मधे एकच रात्र मी ओरडलो. पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबरात पुरुषोत्तम करंडक असतो, 1963 पासून. भरत नाट्य मंदिरात कॉलेजांच्या एकांकिका होतात आणि स्टेजवर जेवढं नाटक होतं तेवढंच प्रेक्षागृहात. आमच्या कॉलेजचा प्रयोग होता, पब्लिक कमी पडू नये म्हणून सीनियर पोरं दिसेल त्याला ओढून नेत होती, त्यात मी सापडलो. पडदा उघडायच्या आधी दिवे गेले. आणि पाठीमागून कुणीतरी आरोळी ठोकली, ‘अरे आव्वाज कुणाचाऽऽ!’ सगळं थिएटर उसळलं. माझ्या तोंडून जे निघालं ते माझंच आहे हे पहिल्यांदा मला कळलं नाही. अंधारात, तीनशे-चारशे जणांच्या आवाजात, मी घशाच्या शिरा ताणून कॉलेजचं नाव ओरडत होतो. म्हणजे आवाज होता. यंत्रात बिघाड नव्हता.

दुसऱ्या दिवशी घसा असा बसला की एटी-सेव्हनला खरोखरच आवाज फुटेना. तेवढी एक गैरहजेरी मात्र मी मनापासून मान्य केली.

प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरनं पाडतात, त्यामुळं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या वाट्याला आली ती एटी-एट. तीच, खणखणीत. शनिवार पेठेतली. माझी बोलायची अडचण तिला पहिले चार महिने कळलीच नाही, कारण दोघांचं बोलणं ती एकटीच उरकायची. मी पिपेट धुवायचो, ब्युरेट भरायचो, डोळ्यांच्या पातळीवर रीडिंग घ्यायचो. ती बोलायची आणि लिहायची. याला मी मैत्री म्हणालो नसतो, पण काम नीट चालायचं.

एकदा पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन होतं. कोनिकलमध्ये, म्हणजे निमुळत्या तोंडाच्या काचेच्या फ्लास्कमध्ये, ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात सल्फ्युरिक, वर ब्युरेटमधून ते जांभळं पाणी थेंबथेंब सोडायचं. पडलेला थेंब रंग गमावतो; शेवटी एक फिकट गुलाबी छटा टिकून राहिली की झालं. त्या दिवशी पहिलाच थेंब गुलाबी होऊन बसला तो जाईना. मी कोनिकल हलवतोय, हलवतोय. डेमॉन्स्ट्रेटर सर पाठीमागून गेले आणि माझ्या तोंडून सुटलं, ‘सर, लई येळ झाला, हे तसंच हाय.’

पलीकडच्या टेबलावर दोघं खिदळली. मी कोनिकलमध्ये तोंड घालायचा बाकी राहिलो. एटी-एट हसली नाही. हसायचं कशाला हेच तिला समजलं नसावं, तिचं सगळं लक्ष कोनिकलकडं होतं. ‘तापवलं नाहीस तू,’ ती म्हणाली. ‘गरम करून घे, मग जाईल.’

बर्नरवर धरलं, काच हाताला सोसवेनाशी झाल्यावर फडक्यात धरलं, आणि तो हट्टी थेंब पाहता पाहता निवळला. पुढचा झटकन. त्याच्या पुढचा पडता पडताच. सर तेवढ्यात परत आले होते. त्यांनी हसणाऱ्यांनाही बोलावलं आणि सांगितलं की इथं गरम करणं हा अर्धाच भाग आहे. पहिल्या थेंबांपासून जे मँगनीज तयार होतं, तेच पुढच्या थेंबांना घाई करायला लावतं. बाहेरून काही घालावं लागत नाही. सुरुवातीला वेळ लागतो तो त्याचमुळं. मी जर्नलमध्ये कारण लिहिलं आणि खाली सी.बी.आर., म्हणजे ब्युरेटचं कायम येणारं रीडिंग, 9.8 मिली. या प्रयोगावरून आयुष्याला उपमा देण्याचा मोह मला पुढं अनेकदा झाला, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच होतं: सरांनी ‘लई येळ’ दुरुस्त केलं नाही. त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं.

मग जानेवारीतली ती यादी.

शनिवारच्या प्रॅक्टिकलला एटी-एट आली तीच चिडून. ‘तू डिफॉल्टर? तू तर रोज असतोस. मी मागं वळले की दिसतोस.’ मी पिपेट धूत राहिलो. ‘मग म्हणत का नाहीस?’ मी म्हटलं, ‘म्हणतो. उशीर होतो.’ ती जरा वेळ गप्प बसली, जे तिच्या बाबतीत फारच झालं. मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्यामुळं?’

तसं नव्हतं, पण मी नाहीही म्हणालो नाही. म्हणालो ना, मला वेळ लागतो.

सोमवारी हजेरी सुरू झाली. एटी-फाइव्ह, एटी-सिक्स, एटी-सेव्हन. माझा श्वास नेहमीसारखा वाया गेला. ‘एटी-एट.’ शांतता. ‘एटी-एट?’ सरांनी मान वर केली. मुलींच्या बाकांवर ती समोर बघत शहाण्यासारखी बसली होती, तोंड घट्ट मिटून. तेवढ्या मोकळ्या जागेत माझा ‘येस सर’ जाऊन पडला, एकटाच, सगळ्या वर्गाला ऐकू येईल असा. सर म्हणाले, ‘तू एटी-एट?’ ‘नाही सर, सेव्हन.’ मग तिनं आपला ‘येस सर’ दिला, नेहमीइतकाच मोठा. त्या टर्मभर तिनं रोज हे केलं. एटी-एट नेहमी दोनदा पुकारावा लागतो म्हणून सर वैतागत. मी तिचे आभार मानले नाहीत. मनात तयारी बरीच केली होती, साठीपासून.

पण मागचं 31 टक्क्यांचं राहिलं होतंच, त्यासाठी पालकांना घेऊन या असा हुकूम होता. बुधवारी अण्णा आले. रात्रभर गाडीत बसून, ड्युटीच्या खाकीऐवजी लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून.

माझ्या अण्णांचा आवाज मला चिंचेच्या झाडाएवढा मोठा वाटायचा. सत्तर माणसं कोंबलेल्या गाडीत ‘चला, पुढं सरका, मागं जागा हाय’ म्हणत ते दारापासून ड्रायव्हरपर्यंत वाट काढत जात. भांडणारे त्यांच्यापुढं गप्प बसत. ऑफिसच्या खिडकीपाशी आमचा नंबर आला आणि मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. ‘काय काम?’ आतून आवाज आला. अण्णा म्हणाले, ‘साहेब...’ आणि पुढं काहीच नाही. ओठ हलत होते. तो रिकामा श्वास मला चांगला ओळखीचा होता.

‘पोरगं तासाला बसत नाही, काय करतं दिवसभर विचारलंत का?’ खिडकीतला माणूस रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बघतच राहिले.

‘मी रोज बसतो,’ मी म्हणालो. ‘मला येस सर म्हणायला जमत नव्हतं. आता जमतं.’ पाठीमागं रांग होती, ती ऐकत होती. आतल्या माणसानं पहिल्यांदा वर बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं; पण त्यानं एक छापील हमीपत्र पुढं सरकवलं आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. एवढ्यासाठी सात महिने.

बाहेर पायरीवर अण्णांनी टोपी घातली. ‘तेवढंच व्हतं?’ ‘तेवढंच.’ ‘मला वाटलं काय भानगड केलीस.’ थोडं चालल्यावर म्हणाले, ‘मी बी पयल्यांदा ड्युटीवर लागलो तवा महिनाभर तिकिटाचा चिमटाच वाजवायचो दांडीवर. पुढं सरका म्हनायची लाज वाटायची. चिमटा वाजला की लोक आपसूक सरकायचे.’ अण्णा कधी बुजरे होते ही बातमी मला नवीन होती. आईलाही नसेल माहीत.

दुपारी त्यांना मेसमध्ये नेलं, गेस्ट म्हणून. काकू आल्या. ‘पोळी वाढू का?’ अण्णा म्हणाले, ‘नको, नको.’ काकू पुढं निघाल्या. अण्णांचा हात ताटावर आडवा व्हायला निघाला होता, तो तिथंच अधांतरी राहिला. रात्रभर गाडीत बसलेला माणूस, ताटात दोन पोळ्या खाऊन संपलेल्या.

‘काकू,’ मी म्हणालो. ‘त्यांना अजून दोन वाढा. आणि मलाही.’

जेवताना मी त्यांना खाड्याचं सांगितलं, दिवाळीचे बावीस दिवस. ते चावायचे थांबले. मेसचा महिन्याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात बावीसनं मांडला असणार. तिकिटांचा हिशेब करणाऱ्या माणसाला वेळ लागत नाही. काही बोलले नाहीत.

स्वारगेटवर पोचल्यावर त्यांचा आवाज परत आला. पंढरपूरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला, कंट्रोलरच्या खोलीतला माणूस ओळखीचा निघाला, पानाच्या ठेल्यापर्यंत अण्णा हाका मारत गेले. शेवटी गाडी सुटायला लागली तेव्हा ते कंडक्टरच्या बाजूच्या सीटवर ऐटीत बसले होते, जणू गाडी त्यांचीच. डबल बेल झाली. गाडी मागं सरकून वळली आणि खिडकीतून अण्णांनी अर्धं अंग बाहेर काढलं.

‘शिमग्याला येताना खाडा सांगून ये रंऽऽ!’

सगळं स्टँड वळून बघायला लागलं. मी हात वर केला. गर्दीत त्यांना दिसला नसावा, ते अजून बाहेर वाकून वाट बघत होते.

‘सांगतोऽऽ!’ मी ओरडलो.